प्रवाळपेटीतील कुसळकिडा : उपकारक की उपद्रवी ?



व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर मोठमोठ्या विषयांची चर्चा होत असते. तेथे एका किड्याविषयी बोलावयास, आणि तेही कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याने, उभे राहावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. मी प्राणिशास्त्राचा पदवीधर नव्हे. शाळा सातवीनंतर सुटली. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत. परंतु हॉटेलांतून आणि कचेऱ्यांतून शोभेसाठी ठेवलेल्या मत्स्यपेट्या साफ करणारे काही जण आमच्या संघटनेत आहेत. खाऱ्या पाण्याच्या पेटीतील खडक उचलताना बोटांत शिरणाऱ्या बारीक केसांची तक्रार मी प्रथम त्यांच्याकडून ऐकली, आणि हा केसाळ प्राणी आहे तरी कोण, याचा शोध घेऊ लागलो. तेव्हा असे दिसले की, परदेशांत ज्यांनी घरोघर प्रवाळाच्या पेट्या बाळगल्या आहेत, त्यांच्यात या किड्यावरून दोन तट पडलेले आहेत. एक म्हणतो, दिसेल तेथे ठेचा. दुसरा म्हणतो, हात लावू नका, तो तुमचा बिनपगारी सफाई कामगार आहे. या दोहोंपैकी खरे कोणाचे, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम ही पेटी म्हणजे काय ते पाहू. प्रवाळ म्हणजे आपल्या ओळखीच्या पोवळ्याचे भाऊबंद. ते दगड नव्हेत आणि झाडेही नव्हेत. ते मऊ अंगाचे लहान लहान प्राणी असून आपल्याभोवती चुन्याचे घर बांधून राहतात. अशा असंख्य घरांची चळत होऊन समुद्रात प्रवाळाच्या रांगा तयार होतात. त्यांचा एक तुकडा खारे पाणी, तेजस्वी दिवे आणि पाणी खेळते ठेवणारे पंप यांच्या साहाय्याने काचेच्या पेटीत जगवावयाचा, हा तो छंद. पूर्वी लोक मेलेले, उकळून पांढरे केलेले प्रवाळ शोभेला ठेवीत आणि मासे तेवढे जिवंत ठेवीत. जाकार्ताच्या ली चिन एंग या गृहस्थाने निराळी वाट धरली. समुद्रातील खडक आणि वाळू जशीच्या तशी आणून, त्यात केवळ हवेचे बुडबुडे सोडून त्याने पेटी चालविली, आणि १९६१ साली अमेरिकेतील एका मासिकात ती रीत जाहीर केली. पुढे युरोप-अमेरिकेत हीच रीत सुधारून रूढ झाली. या खडकाला ‘जिवंत खडक’ म्हणतात. खडक काही जिवंत नसतो. पण त्याच्या भोकांतून आणि कपारींतून जंतू, शेवाळ, स्पंज, खेकड्यांची पिले आणि किडे अशी एक वस्ती नांदत असते. आपला आजचा किडा पेटीत येतो तो याच खडकातून. त्याला कोणी विकत घेतलेला नसतो. तो बिनतिकिटाचा प्रवासी आहे.

आता त्याची जात पाहू. ज्या प्राण्यांचे शरीर कड्यांवर कडी ओवल्यासारखे असते, त्या वर्गातला हा प्राणी आहे. शेतातले गांडूळ त्याचे चुलत भावंड. गांडुळाच्या प्रत्येक कड्यालाही बारीक राठ केस असतात, पण ते मोजके आणि आखूड. समुद्रातल्या या भावंडाच्या मात्र प्रत्येक कड्याच्या दोन्ही बाजूंना मांसल पाय असून त्यांवर केसांचे झुपके असतात. म्हणूनच शास्त्रज्ञांनी त्याच्या वर्गाला ‘पॉलिकीटा’, म्हणजे पुष्कळ केसांचा, असे ग्रीक नाव दिले. दिसावयास तो लांबट सुरवंटासारखा दिसतो, आणि त्याचे केस गवताच्या कुसळांप्रमाणे टोचतात. तेव्हा आपण त्याला कुसळकिडा म्हणू.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. या वर्गात शास्त्राला ज्ञात असलेल्या जाती दहा हजारांहून अधिक आहेत. काही नळीत बसून डोक्यावरचा पंखा पसरतात आणि पाण्यातले कण टिपतात. काही वाळूत बिळे करतात. काही शिकार करतात, काही उष्टे-खरकटे वेचतात. तेव्हा ‘कुसळकिडा उपकारक की उपद्रवी ?’ हा प्रश्नच मुळात ‘पक्षी उपकारक की उपद्रवी ?’ असे विचारण्यासारखा आहे. घार, कोंबडी आणि बुलबुल यांना एकच निकाल कसा लागू व्हावा ? भांडणाचे अर्धे मूळ येथेच आहे. दोन्ही तट एकच शब्द वापरतात, पण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर निराळा प्राणी असतो.

सामान्यतः जो पेटीत आढळतो तो यूरिथोई आणि तिच्या जवळच्या जातींचा. पल्लास या जर्मन निसर्गवेत्त्याने १७६६ साली यूरिथोईचे पहिले वर्णन केले. रंग तांबूस, करडा किंवा गुलाबी. लांबी बोटभर, क्वचित वीतभर. दिवसा तो खडकाच्या फटीत दडतो आणि दिवे मालवले की बाहेर पडतो. त्याची नजर बेताची, पण वास ओळखण्याचे इंद्रिय तीव्र. त्याला जबडे नसतात. घशाचा मांसल भाग बाहेर काढून तो मऊ झालेले, सडू लागलेले अन्न ओरबाडतो आणि गिळतो. धडधाकट, पोहणाऱ्या माशाला धरून मारण्याचे हत्यारच त्याच्यापाशी नाही.

मग तो पेटीत करतो काय ? समुद्रात एखादा मासा मेला तर त्याची घाण अफाट पाण्यात विरून जाते. पेटीतून ती जाणार कोठे ? माशांना टाकलेल्या खाण्यापैकी काही खडकाखाली जाते आणि कुजते. त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांचे कल्ले जाळतो. खडकावरचे आणि वाळूतले जंतू अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट बनवितात, आणि जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथील जंतू नायट्रेटचा साधा नायट्रोजन वायू करून सोडतात. परंतु जंतूंचे काम थरावर चालते. ढिगावर ते मंदावते. कुसळकिडा हा ढीग फोडतो. जेथे माशाचे तोंड जात नाही आणि माणसाचा हात शिरत नाही, अशा कपारीत तो शिरतो, मोठा तुकडा खाऊन त्याचे बारीक कण करतो आणि ते जंतूंच्या हवाली करतो. वाळूतून ये-जा करून तो ती भुसभुशीत ठेवतो. गांडुळाविषयी चार्ल्स डार्विनने १८८१ साली एक सबंध पुस्तक लिहिले आणि जमिनीची मशागत हा प्राणी कशी करतो ते दाखविले. कुसळकिडा पेटीच्या वाळूत जे करतो ते त्याच जातीचे काम आहे. रोनाल्ड शिमेक या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने पेटी बाळगणाऱ्यांना हीच गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली.

मात्र येथे अतिशयोक्ती नको. किडा घाण नाहीशी करीत नाही. तो तिचे रूप बदलतो आणि जागा बदलतो. तोही प्राणीच आहे आणि त्याच्याही शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. झाडूवाला कचरा गोळा करतो, पण कचऱ्याची गाडी आलीच नाही तर तो काय करील ? पाणी बदलणे, गाळणी धुणे, ही मालकाची कामे किड्यावर सोपविता येत नाहीत.

आता त्याच्यावरचा आरोप ऐकू. सकाळी मालक दिवा लावतो आणि पाहतो तो मासा मरून पडलेला आणि त्याला पाच-पंचवीस किडे लगडलेले. किंवा प्रवाळाच्या एका बाजूचे मांस गळालेले आणि तेथे किडा. निकाल तत्काळ होतो : यानेच मारले. कारखान्यात रात्री चोरी झाली तर पहिला संशय रात्रपाळीच्या झाडूवाल्यावर जातो, कारण सकाळी तोच तेथे दिसतो. घटनास्थळी सापडणे हा पुरावा नव्हे, हे समजावून सांगण्यात माझी उमेद गेली आहे. तेव्हा किड्याच्या बाबतीतही तोच न्याय लावला पाहिजे. मासा रोगाने, अमोनियाने किंवा आपसांतल्या मारामारीने मरतो आणि वास सुटल्यावर किडे येतात. प्रवाळ उष्णतेने, खारेपणातील फरकाने किंवा जंतूंनी झडू लागतो आणि मेलेल्या भागावर किडा बसतो. गिधाड मढ्यावर दिसते म्हणून बैल गिधाडाने मारला, असे आपण म्हणत नाही.

गिधाडांचा विषय निघालाच आहे तर एक शब्द सांगतो. आपल्या देशात १९९० नंतरच्या दशकात गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाचा अंश मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जाऊन ती मरत, हे २००४ साली उघडकीस आले, आणि २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. दरम्यान मेलेली जनावरे उघड्यावर सडली आणि भटकी कुत्री वाढली. साफसफाई करणाऱ्याची किंमत तो गेल्यावर कळते.

आरोपाची शहानिशा शास्त्रज्ञांनीही केली आहे. कॅरिबियन समुद्रात हर्मोडिसी नावाचा एक मोठा कुसळकिडा आहे. तो प्रवाळ खातो हे पूर्वीपासून ठाऊक होते. कुरासाव बेटाजवळ झालेले याविषयीचे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात या किड्यापुढे निरनिराळे अन्न ठेवले असता त्याचा ओढा प्रामुख्याने कुजू लागलेल्या प्रवाळाकडे दिसला. ज्याला सराईत गुन्हेगार म्हणावे त्याचीही पहिली पसंती मढ्यालाच, असा याचा अर्थ.

परंतु म्हणून सगळेच निर्दोष ठरत नाहीत, आणि आरोपीची बाजू मांडणाऱ्यानेही हे लपवू नये. हर्मोडिसी जिवंत प्रवाळही खातो. प्रवाळाच्या फांदीचे टोक तोंडात घेऊन तो मांस शोषून घेतो आणि मागे टोकाचा पांढरा सांगाडा उरतो. इस्रायलमधील संशोधकांनी २००३ साली दाखविले की, भूमध्य समुद्रातल्या एका प्रवाळाला त्या काळी पांढरे पाडणारा जंतू हिवाळ्यात याच किड्याच्या शरीरात तग धरून राहत होता. समुद्राचे पाणी तापू लागले तसा हा किडा भूमध्य समुद्रात वाढला. इटलीच्या दक्षिणेकडील आणि सिसिलीचे लहान मच्छीमार त्याच्यामुळे हैराण आहेत. जाळ्यात अडकलेले मासे तो कुरतडतो आणि जाळे सोडविणाऱ्याच्या हातात केस खुपसतो. पोटावर पाय येणाऱ्या त्या माणसाला ‘हा निसर्गाचा सफाई कामगार आहे’ असे सांगून भागणार नाही.

दुसरा खरा गुन्हेगार युनिसी. यातील सर्वांत मोठ्या जातीला इंग्रजीत ‘बॉबिट वर्म’ म्हणतात. हा वाळूत किंवा खडकात शरीर दडवून बसतो, केवळ तोंड आणि पाच मिशा बाहेर ठेवतो, आणि जवळून मासा गेला की कात्रीसारख्या जबड्यांनी पकडतो. जपानमध्ये शिराहामा येथे मत्स्यपालनाच्या तराफ्याच्या तरंगीत २००९ साली एक सापडला. तो २९९ सेंटिमीटर लांब होता, त्याला ६७३ कडी होती आणि वजन ४३३ ग्रॅम भरले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल परगण्यातल्या न्यूकी येथील ब्लू रीफ मत्स्यालयात प्रवाळाचे लचके तोडले जाऊ लागले आणि एक मासा जबर जखमी झालेला आढळला. सापळे लावले तर तेही मोडले. शेवटी कर्मचाऱ्यांनी खडकांची सबंध मांडणी एकेक करून काढली, तेव्हा सुमारे चार फूट लांबीचा किडा हाती लागला. तिसरा ओनोनी. हा नारिंगी रंगाचा, केस जवळजवळ न दिसणारा. शिंपल्यांवर आणि गोगलगाईंवर चिकट स्राव सोडून तो त्यांना खातो.

तेव्हा ओळखीच्या खुणा सांगतो. पुढच्या टोकाला जबडे आणि पाच मिशा, अंगावर इंद्रधनुष्यी झळाळी आणि केसांचे झुपके तोकडे, असे दिसले तर तो युनिसी असण्याचा संभव अधिक. लहान असताना तोही खरकटे खाऊन राहतो, पण मोठा होत असेल तर बाहेर काढणे शहाणपणाचे. प्रत्येक कड्यावर तांबडे कल्ल्यांचे गुच्छ, पांढरे दाट केस आणि डोक्यावर चुण्या असलेला मांसल तुरा, असा जाडजूड किडा म्हणजे हर्मोडिसी. तो अटलांटिक, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्राचा रहिवासी; तेथला खडक असेल तरच त्याचा संशय धरावा. बाकी बारीक, तांबूस, रात्री फिरणारे किडे बहुधा निरुपद्रवी वेचकरी होत. पुष्कळ जण ‘साधा कुसळकिडा’ निराळा आणि ‘आग्या किडा’ निराळा असे समजतात. वस्तुतः यूरिथोई आणि हर्मोडिसी एकाच आग्या कुळातल्या आहेत. कुळावरून निकाल देता येत नाही, हे येथेही खरेच.

याच कुळातल्या एका किड्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. प्रशांत महासागरात काटेरी तारामासा प्रवाळाच्या रांगाच्या रांगा फस्त करतो. पनामाच्या किनाऱ्यावर पीटर ग्लिन या शास्त्रज्ञाला आढळले की, एक रंगीत कोळंबी या तारामाशाला जखम करते आणि फेरेकार्डिया नावाचा आग्या किडा त्या जखमेतून आत शिरून त्याला आतून खातो. हे संशोधन १९८४ सालचे. म्हणजे आग्या कुळातला एक प्रवाळ खातो आणि दुसरा प्रवाळाच्या शत्रूला खातो. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळरांगेत १९८६ साली असेही दिसून आले की, प्रवाळात नळी करून राहणारे पंखेवाले कुसळकिडे तारामाशाला आपल्या आसपासचे प्रवाळ खाऊ देत नाहीत, आणि भोवतालचे सगळे मेले तरी त्यांच्या शेजारचा भाग वाचतो.

यानंतरचा प्रश्न संख्येचा. पुष्कळ मालक म्हणतात, एकदोन असते तर चालले असते, पण हे शेकड्यांनी झाले. माझे म्हणणे असे की, किडे आकाशातून पडत नाहीत. जितके अन्न उरते तितकेच किडे पोसले जातात. त्यांची संख्या म्हणजे मालकाच्या उधळपट्टीचा जमाखर्च आहे. खाणे निम्म्यावर आणा, वाळूवरचा गाळ काढा, आणि काही आठवड्यांत संख्या आपोआप उतरेल. किडा तोडून मारू नये. यूरिथोईच्या तुकड्यातून नवा किडा वाढतो, आणि एकाचे दोन करण्याचे श्रेय आपल्या पदरी पडते. नको असलेले काढावयाचे तर बारीक भोकांची नळी घ्यावी, आत कोळंबीचा तुकडा ठेवावा, रात्री ती वाळूवर ठेवून सकाळी उचलावी. किडे खाणारे काही मासे, झिंगे आणि लांब पायांचे खेकडे बाजारात मिळतात. पण किडे संपल्यावर त्यांची भूक संपत नाही, आणि ती मग दुसऱ्या गरीब प्राण्यांवर भागते.

सर्वांत वाईट उपाय म्हणजे औषध ओतून सगळे एकदम मारणे. तांब्याच्या औषधाने किडे मरतात, तसे प्रवाळही मरतात. आणि समजा, औषध केवळ किड्यांनाच लागू पडले, तरी खडकांच्या पोटात शेकडो मढी एकाच रात्री कुजू लागतील आणि ती उचलणारे कोणी उरलेले नसेल. अमोनिया चढेल आणि ज्यांना वाचविण्यासाठी हे केले तेच मासे प्रथम जातील. सफाई खाते एका दिवसात बडतर्फ करणाऱ्या शहराची जी गत होईल, तीच या पेटीची.

आता ज्या गोष्टीमुळे मी या विषयाकडे वळलो तिच्याकडे येतो. किडा माशाला उपद्रवी असो वा नसो, उघड्या हाताला तो निश्चित उपद्रवी आहे. आग्या कुळाचे केस चुन्याच्या द्रव्याचे आणि ठिसूळ असतात. स्पर्श होताच ते कातडीत शिरून तुटतात. जपानी संशोधकांनी २००८ साली यूरिथोईच्या शरीरातून दाह उत्पन्न करणारे द्रव्य वेगळे काढले आणि त्याला ‘काँप्लॅनाइन’ असे नाव दिले. टोचल्यावर आग होते, सूज येते, बोट बधिर होते. आमच्या एका सभासदाची दोन बोटे अशी सुजली की त्याला चार दिवस काम करता आले नाही, आणि ज्यांच्या पेटीत हे घडले त्यांनी त्या दिवसांची मजुरी कापली. असा प्रकार झाला तर बोट चोळू नये. चिकटपट्टी लावून ओढावी म्हणजे पुष्कळसे केस निघतात. मग व्हिनेगर लावावे. सूज पसरली, श्वास लागला किंवा चक्कर आली तर वेळ न घालविता डॉक्टर गाठावा. पण यापेक्षा सोपा उपाय म्हणजे जाड रबरी हातमोजे आणि खडक उचलण्यासाठी लांब चिमटा. हजारो रुपयांचे मासे ठेवणाऱ्याला हातमोज्याचा एक जोड जड नाही. तो देणे हे उपकार नव्हेत, कर्तव्य आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या देशापुरती. आपल्याकडेही लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात येथे प्रवाळ आहेत. आपल्या मालवणच्या समुद्रातही आहेत. दगडी प्रवाळांना २००१ सालापासून वन्य जीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. तेव्हा पेटीसाठी समुद्रातून प्रवाळ तोडून आणणे हा गुन्हा होय. त्या मानाने किडा कितीतरी निष्पाप; तो आपण होऊन कोणाच्या घरी येत नाही.

सारांश, सरसकट निकाल देता येत नाही, आणि देऊ नये. बहुसंख्य कुसळकिडे पेटीला उपकारक आहेत. थोडे उपद्रवी आहेत. आणि जे उपकारक तेही बेसुमार वाढले तर ती मालकाच्या हाताची चूक दाखविणारी खूण असते. म्हणून आधी ओळख पटवावी, मग पुरावा पाहावा, मग मोजदाद करावी, आणि शिक्षा द्यावयाचीच झाली तर ज्याचा गुन्हा त्यालाच द्यावी. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ पाहताना आपल्या डोळ्यातले मुसळ विसरू नये, ही आपली जुनी म्हण आहे. पेटीतले कुसळ पाहणाऱ्याने आपल्या हातातला खाण्याचा डबाही एकदा पाहावा, आणि पेटीत हात घालणाऱ्याच्या हातात मोजे आहेत की नाहीत हेही पाहावे, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.